चाल पाठवा आणि उत्तराची वाट पाहा : टपाली व ई-मेल खेळांच्या दुनियेत पहिले पाऊल

नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा प्रेक्षकांची नजर पटाइतकीच घड्याळावरही खिळलेली असे. बरोबरी फोडण्यासाठी खेळल्या जाणाऱ्या जलद डावांत तर अवघ्या काही मिनिटांत निकाल लागतो. याच बुद्धिबळाचे एक दुसरे रूप आहे. त्यात दहा चालींसाठी पन्नास दिवस मिळतात, प्रतिस्पर्धी समोर बसलेला नसतो, आणि एक डाव सहज वर्ष-दीड वर्ष चालतो. चाल लिहायची, पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची, एवढाच त्याचा शिरस्ता. पूर्वी हे काम पोस्टमन करी. आता ते ई-मेल आणि संकेतस्थळे करतात.

बुद्धिबळाबरोबरच राजकारण, युद्ध, व्यापार आणि अंतराळातील साम्राज्ये अशा विषयांवरचे कितीतरी डावपेचांचे खेळ या पद्धतीने खेळले जातात. नोकरी, घर आणि प्रवास यांतून सलग चार तास काढणे ज्यांना शक्य नसते, अशांसाठी हा प्रकार विशेष सोयीचा. जहाजावर नोकरी करणारा तारवटी, आखातात असलेला भाऊ आणि मडगावात राहणारी बहीण यांना एकाच वेळी एका पटाभोवती बसता येणे दुरापास्तच. पण दोन दिवसांत एक चाल पाठवणे तिघांनाही जमू शकते. मात्र या खेळात उतरण्यापूर्वी त्याची रीत, त्याचे प्रकार आणि त्याची एक महत्त्वाची जबाबदारी समजून घेणे आवश्यक आहे.

टपालातून पटावर

पत्राने बुद्धिबळ खेळण्याची प्रथा दोन शतकांहून जुनी आहे. तिच्या प्रारंभीच्या काळातील सर्वांत गाजलेला सामना लंडन आणि एडिंबरा या दोन शहरांच्या क्लबांमध्ये १८२४ ते १८२८ या काळात झाला. घोडागाडीच्या टपालाने चाली जात-येत असत. हा सामना एडिंबराने जिंकला आणि त्यात वापरल्या गेलेल्या एका प्रारंभपद्धतीला पुढे ‘स्कॉच गेम’ हे नाव पडले. आजही बुद्धिबळाच्या प्रत्येक पुस्तकात ते आढळते.

भारतही या बाबतीत मागे नव्हता. १८२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्राद्वारे सामना झाला आणि तो मद्रासने जिंकला. मद्रासच्या चमूत गुलाम कासिम हा त्या काळातील नामांकित भारतीय खेळाडू होता. बुद्धिबळातील एका आक्रमक प्रारंभपद्धतीच्या उपप्रकाराला आजही त्याचे नाव आहे.

देशोदेशींचे खेळाडू एकमेकांशी पत्राने खेळू लागले तेव्हा भाषेचा प्रश्न उभा राहिला. मराठीतला उंट इंग्रजीत बिशप होतो, तर जर्मनीत आणखी काही. यावर तोडगा म्हणून केवळ अंकांची लिपी प्रचारात आली. पटाच्या उभ्या रांगांना डावीकडून १ ते ८ आणि आडव्या ओळींना खालून १ ते ८ असे क्रमांक द्यायचे; मग सोंगटी जिथून निघाली आणि जिथे पोहोचली त्या दोन घरांचे चार अंक लिहायचे. राजापुढचे पांढरे प्यादे दोन घरे पुढे गेले की झाले ५२५४. राजाकडचा पांढरा घोडा वजीराच्या बाजूला तिरपा बाहेर काढला की ७१६३. पोस्टकार्डावर एवढे चार अंक आणि सही असली की काम भागे. अनोळखी अंकांनी भरलेली ही पत्रे दुसऱ्या महायुद्धात टपाल तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना संशयास्पद वाटली नसती तरच नवल. गुप्त संदेशांच्या भीतीने अमेरिकेतून परदेशी जाणाऱ्या टपाली बुद्धिबळावर त्या काळात बंदी आली होती.

युद्धानंतर १९५१ मध्ये टपाली बुद्धिबळाची आजची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ऑस्ट्रेलियाचे सेसिल पर्डी हे या प्रकारातील पहिले विश्वविजेते. या संघटनेचे बहुतेक सामने आता स्वतःच्या संगणकीय यंत्रणेवरून होतात. पोस्टकार्डाची जागा पडद्याने घेतली आहे.

पोस्टमनने घडवलेला खेळ

बुद्धिबळात दोघेच असतात आणि पट दोघांनाही सारखाच दिसतो. त्यामुळे पत्रांत चालींखेरीज बोलण्यासारखे फारसे नसते. टपाली खेळांना खरा बहर आला तो ‘डिप्लोमसी’ या खेळामुळे. अमेरिकेच्या अॅलन कॅलहॅमर यांनी १९५४ मध्ये तो रचला आणि १९५९ मध्ये स्वखर्चाने त्याच्या ५०० प्रती काढल्या. पुढे कॅलहॅमर यांनी उपजीविकेसाठी पोस्टमनची नोकरी केली. ज्या खेळाचे सर्वाधिक रंगलेले डाव टपालाने झाले, त्याचा जनक स्वतः घरोघरी पत्रे वाटत होता, हा योगायोग या खेळाचे चाहते आवर्जून सांगतात.

या खेळाचा पट म्हणजे पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपचा नकाशा. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान अशा सात सत्ता सात खेळाडूंकडे असतात. नकाशावर ३४ पुरवठा केंद्रे आहेत आणि त्यांपैकी १८ जो ताब्यात घेईल तो विजयी. डाव १९०१ सालच्या वसंतापासून सुरू होतो. रशियाकडे चार आणि इतर सहांकडे प्रत्येकी तीन अशी सैन्य वा आरमाराची पथके आरंभी असतात. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाला कुठेही जागा नाही.

प्रत्येक पथकाचे बळ सारखेच, म्हणजे एक. एकाच प्रदेशावर दोघे सारख्याच बळाने चालून आले तर दोघेही परत जागेवर येतात. पुढे सरकायचे तर दुसऱ्या पथकाचा पाठिंबा लागतो. समजा, फ्रान्सचे सैन्य बर्गंडीत उभे आहे. जर्मनीने म्युनिकमधून त्यावर हल्ला केला आणि रुरमधील सैन्याने त्या हल्ल्याला पाठिंबा दिला, तर दोनास एक असा हिशेब होऊन फ्रान्सला बर्गंडी सोडावी लागते. फ्रान्सने मार्सेलमधून आपल्या बर्गंडीतल्या सैन्याला पाठिंबा दिला, तर दोनास दोन होऊन हल्ला फसतो. आणि फ्रान्सच्या बेल्जियममधल्या सैन्याने रुरवरच चाल केली, तर जर्मनीचा पाठिंबा तुटतो आणि हल्ला पुन्हा एकट्या म्युनिकचा उरतो. लढाईचे नियम मुळात एवढेच. ते अर्ध्या तासात कळतात.

अवघड भाग पुढेच आहे. पाठिंबा दुसऱ्या देशाच्या सैन्यालाही देता येतो, आणि एकट्याच्या बळावर कोणीही फार पुढे जाऊ शकत नाही. म्हणून चालींआधी वाटाघाटी होतात. कोण कोणाला काय सांगतो हे इतरांना कळत नाही, आणि दिलेला शब्द पाळण्याचे कोणतेही बंधन नाही. सर्वांचे आदेश गुप्तपणे लिहिले जातात आणि एकाच वेळी उघडले जातात. मित्राने पाठिंबा दिला की पाठीत वार केला, हे त्याच क्षणी कळते.

टेबलाभोवती हा खेळ खेळायला सात माणसे आणि आख्खा दिवस लागतो. शिवाय कोण कोणाबरोबर कोपऱ्यात कुजबुजतो, हे सगळ्यांना दिसते. पत्रात ही अडचण नाही. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणाऱ्या जॉन बोर्डमन यांनी ‘ग्राउस्टार्क’ नावाचे पत्रक काढून त्यातून टपाली डिप्लोमसी सुरू केली. खेळाडूंनी आपसांत पत्रे लिहायची, ठरलेल्या तारखेपर्यंत आदेश पंचाकडे पाठवायचे, आणि पंचाने निकाल छापून सर्वांना धाडायचे, अशी ही रीत. पाहता पाहता अशी अनेक पत्रके निघू लागली. त्यांत निकालांबरोबर खोट्या राजघोषणा, परस्परांवरचे टोमणे आणि पराभूतांची गाऱ्हाणीही छापली जात.

पंचाच्या जागी संगणक

सर्वांचे आदेश गुप्त आणि एकाच वेळचे असले की मध्ये निःपक्षपाती पंच लागतोच. खेळाडू वाढले की पंचाचे काम हाताबाहेर जाते. रिक लूमिस या अमेरिकी तरुणाला हा अनुभव आला. सैन्यात असताना, १९७० मध्ये, त्याने हवाईतून ‘न्यूक्लिअर डिस्ट्रक्शन’ हा टपाली खेळ चालवायला घेतला. हिशेब हाताने करणे अशक्य होऊ लागल्यावर त्याने ते काम संगणकावर सोपवले. पुढे त्याच्या ‘फ्लाइंग बफेलो’ या कंपनीने टपाली खेळ हा रीतसर व्यवसाय केला. खेळाडू दर फेरीला ठरावीक शुल्क भरत आणि त्यांना टपालाने छापील अहवाल येई. याच कंपनीच्या १९७६ सालच्या ‘स्टारवेब’ या अंतराळ-खेळात पंधरा खेळाडू असत. कोणी साम्राज्य उभारणारा, कोणी व्यापारी, कोणी चाचा, कोणी धर्मप्रसारक. प्रत्येकाला गुण मिळण्याची रीत वेगळी. त्यामुळे शेजारी शत्रूच असेल असे नाही, हे नवख्या खेळाडूंना काही फेऱ्यांनंतर उमगे.

ई-मेल आला तसा पत्राचा प्रवास दिवसांवरून क्षणांवर आला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डिप्लोमसीचे आदेश ई-मेलने स्वीकारून आपोआप निकाल देणारी ‘जज’ ही प्रणाली तयार झाली. १९९० च्या दशकात ‘अटलांटिस’सारखे खेळ आले, ज्यांत खेळाडू साध्या मजकुरात आदेश पाठवी आणि उत्तरादाखल त्याच्या राज्याचा मजकुरातलाच अहवाल त्याला मिळे. ‘व्हीजीए प्लॅनेट्स’सारख्या खेळांत आदेशांची संगणकीय फाइल पाठवावी लागे. पुढे विकत मिळणाऱ्या काही मोठ्या संगणकीय खेळांतही ही सोय आली. ‘सिव्हिलायझेशन ४’मध्ये आपली पाळी संपवून डावाची फाइल पुढच्या खेळाडूला ई-मेलने पाठवता येते.

आज बहुतेक जण ई-मेलऐवजी संकेतस्थळांवर खेळतात. पाळी आली की सूचना येते, आणि नकाशा तिथेच दिसतो. तरीही मूळ घाट तोच आहे: गुप्त आदेश, ठरलेली मुदत, दरम्यानची पत्रे.

सुरुवात कुठून करावी

पहिली पायरी दोन माणसांच्या बुद्धिबळाची. ओळखीतल्या एकाच व्यक्तीबरोबर, नियम आधीच ठाऊक असलेल्या खेळाने आरंभ केला की सारे लक्ष पत्रव्यवहाराच्या शिस्तीवर देता येते. ‘लीचेस’ या मोफत आणि जाहिरातमुक्त संकेतस्थळावर टपाली पद्धतीचा डाव निवडता येतो. एका चालीसाठी एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंतची मुदत ठरवता येते. आरंभी तीन दिवसांची मुदत पुरेशी ठरते.

ज्यांना जुनी गंमत अनुभवायची असेल त्यांच्यासाठी पोस्टकार्ड अजून आहे आणि ते पन्नास पैशांत मिळते. समजा, डाव चाळीस चालींचा झाला. दोघांची मिळून ऐंशी कार्डे, म्हणजे खर्च चाळीस रुपये. पणजीहून सावंतवाडीला किंवा बेळगावला कार्ड पोहोचून वाचले जायला सरासरी चार दिवस धरले, तर ऐंशी कार्डांना ३२० दिवस लागतील. एवढ्या काळात मुलांची शाळेची इयत्ता बदलते. हाच डाव ई-मेलने, रोज एक चाल या गतीने, ऐंशी दिवसांत संपतो.

दुसरी पायरी सात जणांच्या डिप्लोमसीची. ‘वेबडिप्लोमसी’ आणि ‘बॅकस्टॅबर’ ही दोन संकेतस्थळे त्यासाठी परिचित आहेत. नियम अंगवळणी पडेपर्यंत, ज्यात खेळाडूंना एकमेकांना संदेश पाठवता येत नाहीत असा मूक डाव खेळावा, असा सल्ला अनेक जाणकार देतात. त्यात नकाशा आणि आदेशांची भाषा कळते, वाटाघाटी नंतर. पूर्ण डावासाठी एका फेरीला दोन ते तीन दिवसांची मुदत निवडावी. डाव १९०८ सालापर्यंत चालला असे धरले, तर दर वर्षी वसंत आणि शरद अशा दोन मुख्य फेऱ्यांप्रमाणे सोळा फेऱ्या होतात. महिन्याला एक फेरी या जुन्या टपाली गतीने त्याला सोळा महिने लागत. आठवड्याला एक या गतीने चार महिने पुरतात.

तिसरी पायरी मोठ्या, बहुपदरी खेळांची. अंतराळातील वा मध्ययुगीन साम्राज्यांच्या या खेळांत अहवाल दहा-पंधरा पाने भरू शकतो आणि काहींना दर फेरीला शुल्कही असते. पहिले दोन-तीन डाव पूर्ण केल्याशिवाय इकडे वळू नये.

पत्राची शिस्त

या खेळांत हरण्याची फार मोठी कारणे पटावर नसून कागदावर असतात. चुकीचे घर लिहिले, जुन्या नकाशावर विचार केला, मुदत चुकली, आणि डाव गेला. टपाली बुद्धिबळात लिहून पाठवलेली चाल, ती नियमात बसत असेल तर, मागे घेता येत नाही. ‘हात चुकला’ ही सबब चालत नाही. म्हणून काही सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात.

पहिली सवय म्हणजे डाव सुरू होण्यापूर्वी अटी लिहून ठरवणे. एका चालीला किती दिवस, गणपती किंवा नाताळच्या सुट्टीत डाव थांबवायचा का, पुस्तकाचा वा संगणकाचा आधार घ्यायचा का, कोणी गप्प बसला तर किती दिवसांनी डाव संपला असे मानायचे, या चार प्रश्नांची उत्तरे पहिल्याच पत्रात असावीत. पुढचे बहुतेक वाद यामुळे टळतात.

दुसरी, प्रत्येक पत्रात प्रतिस्पर्ध्याची मागची चाल पुन्हा लिहून मग आपली चाल लिहिणे. ‘चाल बारावी: आपला घोडा ७१६३, माझे प्यादे ४७४५’ असे लिहिले की दोघांचे पट जुळतात की नाही हे लगेच कळते. ई-मेलच्या विषयाच्या ओळीत डावाचे नाव आणि फेरीचा क्रमांक असावा. जुनी पत्रे पुसू नयेत; कोणी कधी काय वचन दिले होते, हे तीन महिन्यांनी पाहायची वेळ येते.

तिसरी सवय सशर्त चालींची. ‘तुम्ही माझा उंट मारलात तर मी प्याद्याने मारीन’ असे आधीच लिहून पाठवले की एक फेरा वाचतो. पोस्टकार्डाच्या काळात यामुळे आठवडा वाचत असे. मात्र सशर्त चाल तेवढीच लिहावी जेवढी निःसंशय आहे. प्रतिस्पर्धी त्या शर्तीचाच फायदा घेऊ शकतो.

चौथी सवय मुदतीबाबतची. परदेशी खेळाडूंबरोबरच्या डावात मुदत कोणत्या देशाच्या वेळेनुसार आहे हे पाहावे. ग्रिनिच वेळेनुसार बुधवारची मध्यरात्र म्हणजे भारतात गुरुवारची पहाटेची साडेपाच. आणि मुदतीच्या शेवटच्या तासाची वाट पाहत बसू नये. फेरी सुरू होताच तात्पुरते, साधे आदेश पाठवून ठेवावेत आणि वाटाघाटी पुढे सरकतील तसे ते बदलावेत. वीज गेली, इंटरनेट बंद पडले, घरी पाहुणे आले, तरी आपले सैन्य बिनआदेशाचे उभे राहत नाही.

धोका चालतो, दांडी चालत नाही

डिप्लोमसीत खोटे बोलण्याची मुभा आहे. पण या खेळाच्या जगात एक गोष्ट अक्षम्य मानली जाते. ती म्हणजे आदेश न पाठवता गायब होणे.

तसे का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. डावाच्या आरंभी रशियाचे एक आरमार सेव्हास्तोपोलला आणि तुर्कस्तानचे अंकाराला असते. दोघांच्या मध्ये काळा समुद्र. जो तिथे पहिला पोहोचेल तो दुसऱ्याच्या उंबरठ्यावर जाऊन बसतो. म्हणून दोघांत बहुधा असा करार होतो की दोघांनीही एकाच वेळी काळ्या समुद्रात चाल करायची; बळ सारखे असल्याने दोघेही परत जागेवर येतात आणि समुद्र रिकामा राहतो. दोघांचाही एकमेकांवर पूर्ण विश्वास नसताना केलेली ही सोय.

आता समजा, तुर्कस्तानच्या खेळाडूने पहिल्याच फेरीत आदेश पाठवले नाहीत. त्याची तिन्ही पथके जागच्या जागी उभी राहतात. रशियाला काळा समुद्र काहीही न करता मिळतो. दक्षिणेची चिंता मिटलेला रशिया पुढच्या वर्षी ऑस्ट्रियाकडे वळतो. रशिया तुर्कस्तानात अडकून राहील या हिशेबाने बाल्कनमध्ये उतरलेल्या ऑस्ट्रियाच्या खेळाडूचा सगळा विचार वाया जातो. ऑस्ट्रिया कोसळला की इटली आणि जर्मनीची गणितेही बदलतात. एका माणसाने न लिहिलेल्या तीन ओळींमुळे सहा जणांचा चार महिन्यांचा डाव बिघडतो, आणि जिंकणारालाही त्या विजयात गोडी उरत नाही. दगा दिला असता तर तो निदान खेळाचाच एक भाग ठरला असता. त्याला प्रत्युत्तर देता आले असते, इतरांना त्याविरुद्ध एकत्र येता आले असते. गैरहजेरीशी मात्र वाटाघाटी करता येत नाहीत.

टपाली काळातील पंचांनी यासाठी बदली खेळाडूंच्या याद्या ठेवल्या होत्या. एखाद्याचे आदेश लागोपाठ आले नाहीत की त्याची सत्ता बदली खेळाडूकडे जाई. आजच्या संकेतस्थळांनीही हा धडा घेतला आहे. ‘वेबडिप्लोमसी’वर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याची विश्वासार्हता टक्क्यांत दिसते. ती त्याने किती शब्द पाळले यावर ठरत नसून किती फेऱ्या चुकवल्या यावर ठरते. ज्या खेळात कोणीही कोणाला फसवू शकतो, त्यात विश्वासाचे माप म्हणून मुदत पाळणे निवडले गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यामुळे नवख्या खेळाडूने डावात नाव देण्यापूर्वी पुढच्या चार महिन्यांकडे पाहावे. परीक्षा, लग्नकार्य, बदली, लांबचा प्रवास असेल तर थांबावे. मध्येच अडचण आली तर तसे दोन ओळीत कळवावे. पंच मुदत वाढवतो किंवा बदली शोधतो. आणि आपली सत्ता हरू लागली म्हणून डाव सोडू नये. एका उरलेल्या सैन्याने कोणाला पाठिंबा द्यायचा, यावर कित्येकदा विजेता ठरतो. दोन केंद्रे उरलेल्या खेळाडूला मोठ्या सत्तांकडून रोज पत्रे येऊ लागतात, ती याच कारणाने.

संगणकाची मदत आणि माणसांचा राग

घरी बसून खेळताना संगणकाचा सल्ला घेण्याचा मोह होतोच. याबाबत नियम सर्वत्र सारखे नाहीत. टपाली बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत संगणकीय विश्लेषणाला परवानगी आहे. परिणामी तिथल्या वरच्या पातळीवरचे बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. ‘लीचेस’वर मात्र टपाली डावातही संगणकाचा आधार घेणे ही फसवणूक ठरते, प्रारंभपद्धतींची पुस्तके पाहण्यास तेवढी मुभा आहे. मित्रांच्या डावात हे आधीच ठरवलेले बरे.

वाटाघाटींत संगणक माणसाला गाठू शकणार नाही, असा समज दीर्घकाळ होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीच्या संशोधकांनी ‘सिसेरो’ ही प्रणाली जाहीर केली. तिने माणसांबरोबर डिप्लोमसीचे ४० डाव खेळले आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्या खेळाडूंमध्ये ती वरच्या दहा टक्क्यांत आली. ती इतर खेळाडूंना इंग्रजीत संदेश पाठवी, योजना सुचवी, पाठिंबा मागे. तरीही घरच्या सात जणांच्या डावाची मजा यामुळे कमी झालेली नाही, कारण तिथे पत्र लिहिणारा कोण आहे हे ठाऊक असते. मावशीचा शब्द खरा मानायचा की नाही, हा प्रश्न संगणकाला पडणार नाही.

पण याच कारणाने सावधगिरीही हवी. महिनाभर गोड पत्रे लिहून एखाद्याने शेवटी घात केला, तर राग पटापुरता राहतोच असे नाही. डावातील खोटेपणा डावाबाहेर न्यायचा नाही, डाव संपल्यावर सर्वांनी आपापल्या योजना मोकळेपणाने लिहून पाठवायच्या, अशी प्रथा जुन्या टपाली मंडळींत होती. ती घराघरांतल्या डावांनीही पाळावी. शेवटच्या या पत्रांतूनच नवखा खेळाडू सर्वाधिक शिकतो, कारण आपल्याविरुद्ध काय शिजत होते हे त्याला प्रथमच कळते. ज्यांना असा घात मुळीच सोसत नाही, त्यांनी बुद्धिबळावरच थांबावे. त्यात कमीपणा नाही. अनोळखी लोकांबरोबर खेळताना खरे नाव, पत्ता वा दूरध्वनी क्रमांक देण्याची गरज नसते, आणि मुले खेळत असतील तर त्यांची पत्रे घरातील मोठ्यांच्या नजरेखालून जावीत.

पहिल्या आठवड्यासाठी

आरंभ करणाऱ्याला फारसे साहित्य लागत नाही. एक वही, जिच्यात प्रत्येक चाल तारखेसह लिहिली जाईल. एक पट, जो कपाटावर किंवा टेबलाच्या कोपऱ्यात मांडून ठेवता येईल आणि ज्याला घरातले कोणी हात लावणार नाही. आणि एक प्रतिस्पर्धी, जो मंगळवारी उत्तर देईन म्हणाला की मंगळवारी उत्तर देतो. पहिल्या दिवशी अटींचे पत्र लिहावे, दुसऱ्या दिवशी पहिली चाल. उत्तर आल्यावर लगेच पुढची चाल पाठवू नये. ती वहीत लिहावी, रात्र जाऊ द्यावी, सकाळी पट पुन्हा पाहावा आणि लिहिलेले घर बरोबर आहे ना हे तपासून मगच ती धाडावी.